पाण्याची काटकसर : मूत्रपिंडाच्या गाभ्याचा शोध

घडियाळी पोळीतल्या आमच्या जुन्या घरात दिवेलागणीनंतर आजी पाण्याला शिवत नसे. कारण साधे होते. तिची खोली तिसऱ्या मजल्यावर आणि संडास खाली चौकात. अंधाऱ्या, उभ्या लाकडी जिन्यावरून रात्री दोनदा उतरायचे म्हणजे गुडघ्यांची परीक्षा. तेव्हा संध्याकाळचे पाणी बंद केले की रात्रीचे उठणे बंद होईल, असा तिचा हिशेब होता. उठणे काही बंद झाले नाही, म्हणून पुढे तिने दुपारचेही पाणी कमी केले. वाचकहो, तुमच्या घरात जिना नसेल, पण हा हिशेब करणारे कोणी ना कोणी असेलच.

एका वैशाखात तिला दोन दिवस जुलाब झाले. गुडघ्यांसाठी वेदनाशामक गोळ्या चालूच होत्या. तिसऱ्या दिवशी लघवी जवळजवळ थांबली आणि आम्ही तिला घेऊन रुग्णालयात धावलो. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "आजी दिवसाला पाणी किती पितात?" घरात आम्ही नऊ माणसे होतो. एकालाही उत्तर देता आले नाही. आजी वाचली, पुढे चार वर्षे जगली. पण तिची मूत्रपिंडे पूर्वीसारखी कधीच झाली नाहीत.

आज मला तुमच्यापुढे जो इतिहास ठेवायचा आहे, तो आजीच्या त्या हिशेबात चूक कुठे होती हे सांगणारा आहे. मूत्रपिंडाच्या आतल्या भागाला, म्हणजे गाभ्याला, लघवी दाट करून पाणी वाचवता येते. हे काम तो कसा करतो, हे कळायला माणसाला जवळजवळ तीनशे वर्षे लागली.

पाणी साठवणे आणि वाचवणे या गोष्टी आपल्या शहराला नव्या नाहीत. जुन्या कोटाच्या चार दरवाजांपैकी पूर्वेचा तर पाणी दरवाजा या नावानेच ओळखला जातो. शहराच्या मध्यात सुरसागर आहे. राजवाड्याच्या आवारात नवलखी वाव आहे. विहिरी, वावा आणि तलाव यांवर बडोदे शतकानुशतके जगले. १८८१ मध्ये सयाजीराव महाराजांच्या हाती राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार आले आणि त्यानंतर दहाएक वर्षांत शहराच्या पूर्वेला सुमारे वीस किलोमीटरवर, आजव्याला, मातीचे धरण बांधून पाणी अडवले गेले. ते पाणी नळाने शहरात आले. शहराला पाणी कमी पडले तर ते बाहेरून आणता येते. शरीराला मात्र ही सोय नाही. तोंडावाटे जे आत जाईल तेवढ्यावरच त्याला भागवावे लागते, आणि ते पुरवून वापरण्याचे काम मूत्रपिंडांकडे आहे.

आपल्याकडच्या जुन्या वैद्यकाने या प्रश्नाचा विचार केला होता. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात अश्मरीचा, म्हणजे मुतखड्याचा अध्याय आहे. त्यात घड्याचे दोन दाखले येतात. कोरा घडा तोंडापर्यंत पाण्यात बुडवून ठेवला तर तो बाजूंनी झिरपणाऱ्या पाण्याने भरतो. बस्ती, म्हणजे मूत्राशय, तशीच सूक्ष्म मार्गांनी भरते, हा पहिला. नव्या घड्यातले पाणी कितीही स्वच्छ असले तरी काही काळाने तळाशी गाळ बसतो. खडा तसाच तयार होतो, हा दुसरा. ज्यांच्या घरी अजून माठ आहे त्यांना हे दोन्ही दाखले समजावून सांगायला नकोत. मात्र सुश्रुताच्या मांडणीत मूत्र तयार करण्याचे काम वृक्कांकडे दिलेले नाही. वृक्क रक्त आणि मेद यांच्या सारातून होतात, एवढे तो सांगतो. झिरपणे आणि गाळ बसणे या दोन्ही कल्पना पुढे खऱ्या ठरल्या. फक्त झिरपण्याची जागा वेगळी निघाली.

ती जागा मूत्रपिंड आहे हे रोमन साम्राज्यातल्या गेलेनने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात प्रयोगाने दाखवले. जिवंत जनावराच्या मूत्रवाहिन्या त्याने बांधल्या, तेव्हा वरचा भाग फुगला आणि मूत्राशय रिकामे राहिले. पण आत काय घडते हे पाहायला नुसते डोळे पुरे नव्हते. १६६२ मध्ये लॉरेन्झो बेलिनी या अवघ्या एकोणीस वर्षांच्या इटालियन तरुणाने दाखवले की मूत्रपिंड हा मांसाचा भरीव गोळा नसून त्यात असंख्य बारीक नळ्या आहेत. चार वर्षांनी मार्चेल्लो माल्पिघीने सूक्ष्मदर्शकातून त्यातले रक्तवाहिन्यांचे गुच्छ पाहिले. झाडाला फळे लगडावीत तसे ते वाहिन्यांना लगडलेले होते. १८४२ मध्ये लंडनच्या विल्यम बोमनने गुच्छ आणि नळी यांचा सांधा दाखवला. त्याच सुमारास जर्मनीत कार्ल लुडविग म्हणाले की हे गुच्छ म्हणजे गाळणी होय. रक्ताच्या दाबाने पाणी आणि विरघळलेली द्रव्ये गाळली जातात, आणि नळीतून जाताना त्यातले बरेचसे रक्तात परत घेतले जाते.

आज आपल्याला आकडे माहीत आहेत. एका मूत्रपिंडात सुमारे दहा लाख गाळण्या असतात. दोन्ही मिळून दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात. पंधरा लिटरच्या बादलीने मोजले तर बारा बादल्या होतात. त्यातून बाहेर पडते ते जेमतेम दीड लिटर. बाकी सारे शरीर परत घेते. म्हणजे मूत्रपिंडाचा मोठा उद्योग बाहेर टाकण्याचा नसून परत घेण्याचा आहे.

यातले बहुतेक पाणी नळीच्या पहिल्याच भागात मिठाबरोबर सहज परत जाते. खरी पंचाईत शेवटच्या काही लिटरांची. तहानलेल्या माणसाची लघवी रक्तापेक्षा चौपट दाट होऊ शकते. पाणी तर नेहमी कमी मिठाकडून जास्त मिठाकडे ओढले जाते. हे लोणचे घालणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे, कैरीच्या फोडींना मीठ लावले की त्यांना पाणी सुटते. मग लघवीतले पाणी तिच्याहून पातळ असलेल्या रक्ताकडे जाते कसे? पाण्याला ओढणारा पंप निसर्गाने कुठेच बनवलेला दिसत नव्हता.

उत्तराचा एक धागा १८६२ मध्ये हाती आला होता, पण तो कुणी ओळखला नाही. ग्योटिंगेनचे याकोब हेन्ले यांना मूत्रपिंडाच्या गाभ्यात एक विचित्र रचना दिसली. नळी बाहेरच्या थरातून सरळ खाली गाभ्यात उतरते, तिथे केसात घालायच्या आकड्यासारखी वळते आणि आल्या वाटेला समांतर परत वर जाते. यालाच आपण हेन्लेचा वळसा म्हणतो. परतच यायचे तर मुळात खाली जायचे कशाला, हे मात्र कळेना. १९०९ मध्ये जर्मनीतच कार्ल पेटर यांनी निरनिराळ्या प्राण्यांची मूत्रपिंडे ताडून पाहिली. ज्यांचे वळसे लांब, त्यांची लघवी दाट होऊ शकते, असा संबंध त्यांना दिसला. कारण त्यांनाही सांगता आले नाही.

ते साल आपल्या ओळखीचे आहे. १९०९ मध्येच बडोद्यात मराठी साहित्य संमेलन भरले होते, आणि त्याच्या अध्यक्षस्थानी होते कान्होबा कीर्तिकर. ते पेशाने सर्जन, लष्कराच्या वैद्यकीय सेवेतले अधिकारी, आणि आवडीने वनस्पतिशास्त्रज्ञ. भारतीय औषधी वनस्पतींवरचा त्यांचा आणि मेजर बामनदास बसू यांचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि आजही उघडला जातो. साहित्याच्या व्यासपीठावर एका शल्यवैद्याला बसवताना आपल्या आजोबा-पणजोबांना काही वावगे वाटले नाही. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने निघालेल्या श्रीसयाजी साहित्यमालेतही काव्य-इतिहासाबरोबर शास्त्रीय विषयांना मान होता. मूत्रपिंडासारखा विषय मी या व्याख्यानमालेत आणला, तो याच परंपरेच्या भरवशावर.

वळशाचे कोडे शेवटी ज्याने सोडवले तो वैद्य नव्हता. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलचे वेर्नर कून हे रसायनशास्त्रज्ञ. दोन प्रवाह शेजारीशेजारी पण उलट दिशांनी वाहू दिले, तर प्रत्येक पायरीवरचा लहानसा फरक साठत साठत शेवटी मोठा होतो, हे तत्त्व त्या शास्त्राला माहीत होते. हेन्लेच्या वळशात तेच चालले असावे असे १९४२ मध्ये त्यांनी आणि त्यांचे सहकारी रिफेल यांनी मांडले.

हे तत्त्व कळायला पोळीसारखी जागा नाही. घडियाळी पोळ आज बाजाराचा वाहता रस्ता झाली आहे, म्हणून ती सोडून द्या. तोंड एकच आणि शेवट बंद अशी एखादी जुनी, अरुंद पोळ डोळ्यांपुढे आणा. डाव्या हाताने माणसे आत जात आहेत, टोकाला वळून उजव्या हाताने बाहेर येत आहेत. प्रत्येकाजवळ खारट पाण्याची घागर आहे. परतणाऱ्यांच्या घागरी पितळेच्या, त्यांतून पाणी झिरपत नाही. पण ही माणसे दर घरापुढे आपल्यातले थोडे मीठ काढून रस्त्याच्या मध्ये टाकत येतात. आत जाणाऱ्यांच्या घागरी मातीच्या. मधले मीठ त्यांच्यातले पाणी ओढून घेते. त्यामुळे आत जाणाऱ्याची घागर पावलोपावली जास्त खारट होत जाते आणि टोकाशी पोचेपर्यंत अगदी खारट होते. अर्थात तिथून परतणाऱ्याजवळ टाकायला मीठही जास्त असते. एका घरापुढचा फरक चिमूटभराचा. पण फेरी चालू राहिली की पोळीच्या तोंडाशी साधे पाणी आणि आतल्या टोकाशी मिठागर, अशी स्थिती येते.

मूत्रपिंडाचा गाभा म्हणजे ही पोळ. जितके खोल जावे तितका तो खारट. माणसात या खारटपणाला युरियाचीही भर पडते. मधे ओढले गेलेले पाणी बारीक रक्तवाहिन्या उचलून नेतात. त्याही वळसा घेऊनच जातात, म्हणून मीठ धुऊन जात नाही. या मिठागरातून सर्वांत शेवटी लघवीच्या संग्राहक नळ्या खाली उतरतात. शरीराला पाणी कमी पडले की मेंदूतून एक संप्रेरक येते, व्हासोप्रेसिन नावाचे. त्याच्या सांगण्यावरून या नळ्यांच्या भिंतीतली पाण्याची दारे उघडतात, पाणी गाभ्यात ओढले जाते आणि लघवी दाट होऊन पुढे जाते. पाणी भरपूर प्यायलो तर दारे बंद राहतात आणि लघवी पातळ होते. असा पाण्याचा मार्ग पेशीच्या आवरणात असतो हे पीटर अ‍ॅग्रे यांनी १९९२ मध्ये सिद्ध केले, आणि २००३ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

कून यांच्या कल्पनेला पुरावा हवा होता. तो १९५१ मध्ये त्यांनी व्हिर्त्झ आणि हार्गिताय यांच्यासह दिला. प्रयोग असा होता की आपल्या घरच्या आइस्क्रीमच्या संच्याची आठवण व्हावी. संच्याभोवतीच्या बर्फात खडेमीठ का घालतो? मिठामुळे बर्फ अधिक थंड असतानाच वितळू लागतो म्हणून. त्यांनी उंदराच्या मूत्रपिंडाचे पातळ काप गोठवले आणि सूक्ष्मदर्शकाखाली हळूहळू ऊब दिली. गाभ्याच्या टोकाचा बर्फ आधी वितळला, मग क्रमाने वरचा, आणि बाहेरच्या थराचा शेवटी. म्हणजे टोकाशी मीठ सर्वांत जास्त. तरीही या शास्त्रातले त्या काळचे मोठे नाव, न्यूयॉर्कचे होमर स्मिथ, बरीच वर्षे साशंक राहिले. १९५९ मध्ये अमेरिकेतच गॉटशाक आणि मिले यांनी अतिबारीक काचनळीने थेट वळशातला द्रव काढून मोजला, आणि मग वाद मिटला. हेन्लेने वळसा पाहिल्याला तेव्हा सत्त्याण्णव वर्षे झाली होती.

वाळवंटातल्या प्राण्यांनी या कारागिरीची कमाल केली आहे. अमेरिकेतला कांगारू-उंदीर कोरडे बी खाऊन, पाण्याचा थेंब न पिता जगू शकतो. त्याच्या मूत्रपिंडाचा गाभा लांब, आणि लघवी माणसाच्या चौपटीहून अधिक दाट. माणसाला ती देणगी नाही. रोजच्या अन्नातून तयार होणारा टाकाऊ माल बाहेर घालवायला आपल्याला, लघवी कितीही दाट केली तरी, सुमारे अर्धा लिटर पाणी खर्चावेच लागते. शिवाय घामातून आणि श्वासातून जाते ते वेगळेच, आणि बडोद्याच्या उन्हाळ्यात ते किती जाते हे मी सांगायला नको. ही काटकसरीची शेवटची मर्यादा आहे. तिच्या पलीकडे मूत्रपिंड पाणी वाचवू शकत नाही. मग रक्तातच कचरा साठतो.

आता आजीच्या हिशेबाकडे येऊ. दाट करण्याची ही ताकद वयाबरोबर उतरते. १९७६ मध्ये बाल्टिमोरच्या संशोधकांनी निरोगी माणसांचे पाणी बारा तास बंद ठेवून त्यांची लघवी तपासली. विशी-तिशीतल्यांच्या तुलनेत साठी-सत्तरीतल्यांची लघवी साधारण एक पंचमांश कमी दाट निघाली. म्हणजे म्हातारपणी पाणी प्यायले नाही तरी मूत्रपिंड ते पूर्वीइतके रोखू शकत नाही. रात्री उठावे लागण्याची इतरही कारणे असतात, पण त्यातले एक हे आहे. आजी पाणी तोडत गेली आणि लघवी होतच राहिली, याचा अर्थ तिने लावला की अजून जास्त तोडायला हवे. खरा अर्थ उलट होता. तिची पोळ मीठ धरून ठेवीनाशी झाली होती. त्यात वयाबरोबर तहानही मंदावते. शरीर कोरडे पडले तरी घसा मागत नाही.

गोळ्यांचेही तसेच. मिठागर टिकावे म्हणून गाभ्याकडे रक्त थोडेच आणि सावकाश पाठवले जाते. त्यामुळे तिथे प्राणवायू नेहमीच बेताचा. मूत्रपिंडाचा हा सर्वांत कष्टाळू भाग सर्वांत नाजूकही आहे. १९५० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्येच डॉक्टरांच्या लक्षात आले की वर्षानुवर्षे वेदनाशामक गोळ्या घेणाऱ्यांच्या मूत्रपिंडाच्या गाभ्याची टोके मरत आहेत. आजच्या सांधेदुखीच्या गोळ्या वेगळ्या आहेत, पण पाणी कमी पडलेल्या शरीरात मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा त्याही घटवतात. जुलाब, ऊन, कमी पाणी आणि गोळी ही चार एका घरात जमली की काय होते, ते आम्ही पाहिले.

तरुणांनी मात्र हे फक्त म्हाताऱ्यांचे दुखणे समजू नये. गुजरात हा भारतातल्या मुतखड्याच्या पट्ट्यात मोडतो. १९२० आणि ३० च्या दशकांत दक्षिणेत कुन्नूर येथे रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी भारतातल्या या रोगाची कारणे आहारात शोधली होती. कारणे अनेक आहेत, पण एक सर्वांना समजेल असे आहे. लघवी जितकी दाट, तितका सुश्रुताच्या घड्यातला गाळ लवकर बसतो. इटलीत पार्मा येथे, पहिला खडा होऊन गेलेल्या रुग्णांचे दोन गट करून पाच वर्षे पाहिले गेले. एका गटाला दिवसाला दोन लिटर लघवी होईल इतके पाणी प्यायला सांगितले होते. १९९६ मध्ये त्याचा निकाल प्रसिद्ध झाला. पाणी पिणाऱ्या ९९ जणांपैकी १२ जणांना पुन्हा खडा झाला. दुसऱ्या गटातल्या १०० पैकी २७ जणांना. औषध फक्त पाणी होते. नवरात्रात रात्रभर गरबा खेळणाऱ्या, आणि बाहेर सोय नाही म्हणून ठरवून पाणी न पिणाऱ्या आपल्या मुली-सुनांनी हे दोन आकडे लक्षात ठेवावेत. आणि ती सोय करून देणे मंडळांनी आपले काम मानावे.

एक सावधगिरी सांगतो. ज्यांना हृदयाचा विकार आहे किंवा ज्यांची मूत्रपिंडे आधीच थकली आहेत, त्यांना डॉक्टर पाणी मोजून प्यायला सांगतात. त्यांनी ते मोजूनच प्यावे. बाकीच्या घरांनी मोजायचे ते एवढेच, की आपल्या घरातली वडील माणसे दिवसभरात किती पितात.

आमचे पोळीतले घर आता राहिले नाही. आजीचा तांब्या आणि भांडे मात्र माझ्याकडे आहे. माझी आई आता ब्याऐंशी वर्षांची आहे. सकाळी तिच्या उशाशी मी तांब्या भरून ठेवतो, दुपारी पुन्हा भरतो. रात्री तिला उठावे लागते. त्यासाठी खोलीला लागूनच संडास करून घेतला आणि वाटेवर लहान दिवा लावला. कोणी विचारलेच, "आई दिवसाला पाणी किती पितात?" तर मला उत्तर माहीत आहे.